नावाचे लव्हबर्ड

पक्ष्यांच्या बाजारात जाऊन कोणी ‘लव्हबर्ड’ मागितले, तर दुकानदार हिरव्या, निळ्या अथवा पिवळ्या चिमुकल्या पाखरांची जी जोडी भोके पाडलेल्या खोक्यात घालून हाती देतो, ती पुष्कळदा लव्हबर्डची नसतेच. ती असते बजरीगार नावाच्या लहान पोपटाची. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडात आणला, आणि पुढे त्याची पिंजऱ्यातच पैदास होऊन तो जगभर घरोघरी पोहोचला.

खरा लव्हबर्ड आफ्रिकेकडचा. त्याच्या नऊ जाती आहेत. आठ आफ्रिका खंडात व एक मादागास्कर बेटावर. १८३६ साली शास्त्रज्ञांनी त्यास ‘अगापोर्निस’ असे नाव दिले. ‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी आणि ‘अगापे’ म्हणजे प्रीती. सेमिनरीत ग्रीक भाषेशी थोडीफार झटापट केलेल्या आम्हांस या नावाची मौज वाटते. कारण नव्या करारात ख्रिस्ती प्रीतीसाठी योजिलेला शब्द तो हाच. एवढे थोर नाव त्या बिचाऱ्या पाखरास पेलावे कसे? जोडीदाराला तो बिलगून बसतो हे खरे. पण शेजाऱ्याशी त्याचे वागणे नावाला मुळीच साजेसे नसते.

धर्मग्रामातील घरांना भेटी देत असता एक गाऱ्हाणे आमच्या कानी वारंवार येते. “फादर, प्रीतीचे पक्षी म्हणून हौसेने आणले, आणि ही तर पहाटेपासून एकमेकांच्या उरावर बसतात!” तेव्हा या भांडणांचा थोडा विचार आज करू.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की पाखरांची प्रत्येक कुरबूर म्हणजे वैर नव्हे. बजरीगार आपल्या मायदेशी थव्याने राहतात आणि पाण्याच्या व गवताच्या बियांच्या शोधात दूरवर भटकतात. थव्यात धक्काबुक्की व्हायचीच. तेथे मात्र एकाने चोच उगारली, की दुसरा चार हात पलीकडे जाऊन बसतो आणि प्रकरण तेथेच मिटते. पिंजऱ्यात हे ‘पलीकडे’ उरत नाही. भांडण स्वभावातून उपजते. ते मिटत नाही ते जागेअभावी.

म्हणून दोन पाखरे चोचीवर चोच आपटीत असली, एकाने दुसऱ्यास दांडीवरून ढकलले, आणि घटकाभराने तीच एकमेकांच्या मानेची पिसे विंचरू लागली, तर आपण मध्ये पडू नये. परंतु एक पक्षी दुसऱ्याला दाण्याच्या वाटीपाशी फिरकूच देत नसेल, दिवसभर त्याचा पाठलाग करीत असेल, हरलेला पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात पिसे फुगवून बसत असेल, किंवा बोटांवर वा नाकपुड्यांपाशी रक्त दिसत असेल, तर संध्याकाळपर्यंतही थांबू नये. त्यांना तत्काळ वेगळे करावे आणि जखमी पक्षी पशुवैद्यास दाखवावा. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या जिवात रक्त ते किती असणार! थोडा स्राव झाला तरी त्याच्या प्राणावर बेतते.

आता कारणांकडे वळू. राळ्याची वाटी एकच असेल तर तिच्यावर सत्ता गाजविणारा निघतोच; तेव्हा दोन वाट्या ठेवाव्या, आणि त्याही पिंजऱ्याच्या दोन टोकांना. उंच दांडी एकच असेल तर तिच्यासाठी तंटा होतो. सारख्या उंचीच्या दोन-तीन दांड्या बसवाव्या. पिंजरा उंच मनोऱ्यासारखा नसावा, लांबट असावा, कारण पाखरू आडवे उडते. रात्री त्यांना दहा ते बारा तास अंधार व शांतता हवी. दिवा व रेडिओ मध्यरात्रीपर्यंत चालू असलेल्या घरातली पाखरे सकाळी चिडखोर असतात. घरातल्या माणसांचेही याहून निराळे नसते, हे सांगणे न लगे.

सर्वांत मोठे कारण मात्र ते टांगलेले मडके. आपल्याकडे बजरीगारांना अंडी घालण्यासाठी लहान मडकी टांगण्याची रीत आहे. मडके दिसले, की मादीच्या अंगी निराळाच आवेश संचारतो. ती चार-सहा अंडी घालते, प्रत्येकी सुमारे अठरा दिवस एकटीच उबवते, आणि नर तिला चारा भरवितो. त्या काळात मडके हेच तिचे राज्य. दुसरी मादी त्यात डोकावली तर झुंज जिवावर जाऊ शकते. पूर्ण वाढलेल्या पाखराच्या चोचीवरची मऊ गादी साधारणतः निळी असेल तर तो नर, तपकिरी असेल तर मादी. दोन माद्या आणि एक मडके अशी स्थिती कधीही होऊ देऊ नये. पिले नको असतील तर मडकी काढूनच टाकावी. हवी असतील तर जोड्यांहून अधिक मडकी, तीही एकाच उंचीवर, टांगावी.

आणखी दोन सूचना. नवे पाखरू आणल्यावर त्यास महिनाभर निराळ्या खोलीत ठेवावे, म्हणजे आजार असल्यास उघडकीस येतो. आणि खरा लव्हबर्ड व बजरीगार यांना एका पिंजऱ्यात कदापि कोंडू नये. लव्हबर्डची बळकट चोच बजरीगारच्या पायाचे बोट सहज तोडते.

आमच्या परिचयाच्या एका घरी गेल्या वर्षी हाच प्रसंग ओढवला. दोन माद्यांपैकी एकीच्या पायाला चावे बसले होते. घरच्या कर्त्या मुलाने दार उघडून दोघींना सोडून देण्याचा विचार बोलून दाखविला. धाकट्या नातीने दुसऱ्या पिंजऱ्याचा हट्ट धरिला, तर आजीबाई दुसरा पिंजरा घरात आणू देईनात. कारण विचारता त्या हळूच म्हणाल्या, “फादर, या घरात माझ्या दोन सुनांच्या दोन चुली झाल्या. आता पाखरेही वेगळी करू? लोक काय म्हणतील?”

त्या माउलीचे दुःख पाखरांचे नव्हते, हे आम्ही ओळखले. आम्ही म्हणालो, “मावशी, चुली दोन झाल्यापासून सुना एकमेकींशी बोलतात की नाही?” त्या क्षणभर थांबल्या. “बोलतात. पूर्वीपेक्षा बरे बोलतात. रविवारी कालवणाची वाटीही इकडून तिकडे जाते.” “मग पाखरांना तेवढी मुभा का नसावी?”

दुसरा पिंजरा आला आणि पहिल्याशेजारी, वीतभर अंतर राखून, टांगला गेला. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत. आता त्या जवळच्या दांडीवर समोरासमोर बसून दुपारभर किलबिलतात. जखमी पायाचे एक बोट गेले ते गेलेच. पण पाखरू जगले.

मुलाच्या विचाराविषयीही लिहिले पाहिजे, कारण तो पुष्कळांच्या मनात येतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरीगारास बाहेर सोडणे ही दया नव्हे. त्यास येथे चारा शोधता येत नाही, आणि त्याचा तो पिवळा-निळा रंग कावळ्याच्या व शिक्र्याच्या दृष्टीस दुरूनच पडतो. ज्यास घरी आणले, त्याची जबाबदारी शेवटपर्यंत आपली. आपल्या रानातला राघू मात्र घरी आणूच नये. पूर्वी ओसरीवर त्याचा पिंजरा असे. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशी पोपटांना पाळणे हा गुन्हा आहे. जखमी राघू सापडल्यास तो वनखात्याच्या स्वाधीन करावा.

एका छपराखाली सर्वांनी एकत्र राहावे, ही आपल्या कुटुंबांची जुनी हौस आहे आणि ती आम्हांसही प्रिय आहे. पण एकत्र कोंडणे आणि एकोप्याने राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांना रोज एकाच वाटीपाशी रक्त सांडावे लागते, त्यांच्यामध्ये वीतभर अंतर ठेवणारा माणूस घर मोडीत नसतो. ते अंतर वीतभरच राहील आणि मधली हाक ऐकू येत राहील, एवढे मात्र त्याने पाहिले पाहिजे.