सातव्या दिवसानंतर

मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा रुंद करायला 2011 मध्ये घेतला. पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड या पट्ट्यातल्या माणसांना त्या कामाच्या तारखा सांगू नयेत, त्यांच्याकडे स्वतःचे पंचांग आहे. कुणाचा भाऊ कुठल्या वळणावर गेला, कुणाची दुचाकी कुठल्या खड्ड्यात आपटली, हे इथे घरोघर पाठ असते. गेलेल्यांचा आकडा आम्हीही छापतो. आजचा विषय वेगळा आहे. अपघातातून वाचलेल्याच्या खाटेशेजारी जी सतरंजी अंथरलेली असते, तिच्यावर झोपणाऱ्या माणसाचा हा विषय आहे.

2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले, 1,68,491 माणसे मेली आणि 4,43,366 जखमी झाली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. जखमी माणूस या हिशेबात एकदाच मोजला जातो. पुढे तो उठून चालला की अंथरुणालाच खिळला, त्याला उचलते कोण, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. 5 मे 2025 रोजी केंद्राने अपघातग्रस्तांसाठी विनारोख उपचारांची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघातापासून सात दिवस. योजना चांगलीच आहे. पण मणक्याला किंवा मेंदूला मार बसलेला माणूस सातव्या दिवशी कुठे असतो? बहुतेक वेळा अतिदक्षता विभागातच.

मग केव्हातरी डिस्चार्ज मिळतो. रुग्णवाहिका दारात येते. ‘नशीब बलवत्तर, जीव वाचला’ म्हणत आळी शहाळी घेऊन येते. पंधरा दिवसांत शहाळी थांबतात, आणि तिथून खरे काम सुरू होते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग काळी पडते, मग जखम हाडापर्यंत जाते. रात्री दोनचा गजर, चारचा गजर. लघवीची पिशवी रिकामी करायची, नळी पिळली गेली नाही ना ते पाहायचे. रोह्याच्या बाजूला पावसाळ्यात वीज गेली की भाड्याने आणलेली हवेची गादी हळूहळू बसत जाते. तिच्या पंपाची घरघर थांबली की त्या शांततेनेच बायकोला जाग येते. साठ-सत्तर किलोच्या देहाखाली चादर सरकवून एकटीने ओढायचा. सकाळी पोरांचे डबे, आणि मग स्वतःचे काम. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारी बाई असेल तर ते काम पहिल्याच महिन्यात सुटते. घरातली दुसरी मिळकत अशी जाते.

डोक्याला मार बसलेला असेल तर प्रकरण आणखी अवघड. माणूस तोच, पण चिडका, संशयी, कधी अंगावर धावून जाणारा. हे दुखण्याचेच लक्षण आहे, हे घरच्यांना कुणी सांगितलेले नसते. ‘स्वभाव बदलला’ एवढेच बायको माहेरी फोनवर सांगू शकते.

आम्ही तिला सावित्री म्हणून मोकळे होतो. सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला, पण यमाने तो धडधाकट दिला होता! आणि जखमी बायको असेल तर? तेव्हा बरेचदा तिची रवानगी माहेरी होते, किंवा मोठ्या मुलीची शाळा सुटते. मनापासून करणारे नवरेही आहेत. त्यांना तर कुणी विचारतही नाही, कारण पुरुषाने हे काम करायचे असते हेच कुणाला मान्य नाही. 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 137 मिनिटे निघाली, पुरुषांची 75.

या कामाला किंमत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. ती सर्वोच्च न्यायालयाने काढून ठेवली आहे. अपघातात कायमची परावलंबी झालेल्या एका मुलीच्या दाव्यात 2020 साली न्यायालयाने धरले की तिला आयुष्यभर दोन मदतनीस लागतील. महिना दहा हजार धरून त्यापोटी 21 लाख 60 हजार रुपये दिले. दोन पगारी माणसांचे काम आपल्याकडे एक बायको फुकट करते, आणि बहुतेक दाव्यांत वकीलसाहेब औषधांची बिले जोडतात, तिच्या रात्री जोडत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दावा लावायला सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, हा भाग वेगळा. पण सहा महिने म्हणजे ज्या काळात या घराला वार कुठला हेही कळत नाही, तो काळ.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या 24 व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता स्पष्ट लिहिला आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून घरी सेवा करणाऱ्याला महिन्याला 600 रुपये ठरवले गेले. रक्कम हास्यास्पद आहे, पण निदान त्या माणसाचे नाव सरकारी कागदावर आले. पेण-रोह्यातल्या एखाद्या घरात असा भत्ता पोचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ब्रिटनने 1976 साली असा भत्ता सुरू केला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना वगळले होते. त्या घरीच असतात, मग पैसे कशाला, हे कारण. ती अट हटायला 1986 उजाडले, तेही एका बाईने युरोपच्या न्यायालयापर्यंत भांडण नेले म्हणून. आपण अजून त्या ‘घरीच असतात’वर आहोत.

पुनर्वसनासाठी मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था 1955 पासून आहे. रोह्याहून तिथे जाणे म्हणजे शंभरावर किलोमीटर. मेमूच्या डब्यात व्हीलचेअर चढवण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः चढवून दाखवावी. उपाय इथेच करावा लागेल, आणि तो अवाच्या सवा खर्चाचा नाही. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी नवजात बाळासाठी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. मग मणका मोडून घरी आलेल्या माणसाकडे सहा महिन्यांत सहा वेळा कुणी का येऊ नये? पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपी आणि जखमांची तपासणी व्हावी. डिस्चार्जच्या कागदावर सही होण्याआधी घरच्या दोघांना तरी वळवणे, उचलणे, नळी सांभाळणे हाताला धरून शिकवावे. हवेची गादी आणि व्हीलचेअर तालुक्याला उसनी मिळावी. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या विद्यार्थ्यांना या घरांची वाट दाखवावी. जिल्हा नियोजन समितीला यासाठी मोठी तरतूद लागणार नाही. या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जानेवारी 2025 मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली. त्या ओढाताणीत जितकी ताकद लागली, तिच्या दहाव्या हिश्श्यात हे काम होईल.

हे आज झाले नाही तर प्रत्येक अशा घरात वर्षा-दोन वर्षांत दुसरी खाट पडेल. कंबर गेलेली, रक्तदाब चढलेला, झोप कायमची उडालेला माणूस त्या खाटेवर असेल, आणि त्याला वळवायला तिसरे कुणी नसेल.

तोवर वाचकांकडे एक मागणे. तुमच्या आळीत असे घर असेलच. पुढच्या वेळी शहाळी नेऊ नका. चादर धरून वळवायचे कसे ते तिच्याकडून शिकून घ्या, आणि एका शनिवारी रात्री दोनच्या गजराला तुम्ही उठा.