मामांची नवी गाडी आणि आपली स्वदेशी

– एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी एका मोटारीवरून वाद झाला. माझे मामा पर्यटकांना वेरूळ, अजिंठा, पैठण, शिर्डी या ठिकाणी नेण्याचा भाड्याच्या गाडीचा धंदा करतात. चौदा वर्षे त्यांनी एकाच देशी कंपनीच्या गाड्या चालवल्या. एक झिजली की त्याच कंपनीची दुसरी. यंदा मात्र झेंडूचा हार घातलेली, परदेशी कंपनीची नवी गाडी घेऊन ते दारात उभे राहिले. आईने ओवाळले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. वडील मात्र ओट्यावरून उठले नाहीत.

"पाव्हणं, शेवटी परक्याचीच आणली ना?" एवढेच ते म्हणाले.

मामा हसले, पण त्यांनाही ते लागले होते. "दाजी, जुनी गाडी दुरुस्तीला टाकली की आठ-आठ दिवस सुटा भाग यायचा नाही. भाडं हातचं जायचं. घरच्या माणसाची चूक पोटात घालावी तशी इतकी वर्षं घातली. किती दिवस घालायची?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातेस. तूच सांग, कोण बरोबर?"

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात वीजबिलापासून सात-बाऱ्यापर्यंत सगळे प्रश्न माझ्यासमोर येतात. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून थोडे वाचले, प्राध्यापकांना विचारले आणि वडिलांशीही पुन्हा बोलले. त्यातून जे मत बनले ते इथे मांडते. कंपन्यांची जाहिरात करायची नाही आणि निंदाही करायची नाही, म्हणून मामांच्या दोन्ही कंपन्यांची नावे लिहीत नाही.

प्रथम वडिलांची बाजू. ते वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. तिथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली उभा राहिला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आजूबाजूला वाढले. खेड्यापाड्यांतली माणसे तिथे कामाला लागली. वडील त्यांपैकीच एक. ते म्हणतात, "पोरी, वाळूज नसतं तर आपण आजबी दुसऱ्याच्या वावरात राबत असतो." त्यांची पहिली गाडी म्हणजे जुनी विकत घेतलेली चेतक स्कूटर. माझे बालपण तिच्यावर पुढे उभे राहून गेले. ज्याने पोटाला दिले त्याची वस्तू घ्यावी, हा त्यांचा साधा न्याय आहे.

हा न्याय आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजेच सार्वजनिक काकांनी, १८७२ साली स्वदेशी वापरण्याचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. पुढे १९०५ मध्ये वंगभंगाच्या वेळी पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्या काळी प्रश्न सरळ होता. मँचेस्टरचे कापड घेतले की इथला माग थांबत होता. पैठणच्या विणकराला हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

पण मित्रहो, मोटारीच्या बाबतीत प्रश्न इतका सरळ आहे काय? ज्या गाड्यांना आपण पिढ्यान् पिढ्या 'आपल्या' म्हणत आलो, त्यांची कुळे पाहिली तर गंमत वाटते. ॲम्बॅसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्ध झालेली पद्मिनी मूळची इटलीची फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला बनवली. आपण जिला देशाची लेक मानले ती मारुती १९८३ साली जपानच्या सुझुकीचा हात धरून रस्त्यावर आली. टाटांच्या मालमोटारींनीही १९५४ पासून पंधरा वर्षे जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून धडे गिरवले. आणि ज्या चेतकचा वडिलांना एवढा अभिमान आहे, ती तर राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेली इटलीची व्हेस्पाच! बजाजने प्रथम पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली स्कूटर बनवली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली.

हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे नावच तेवढं आपलं होतं?"

नाही, तसे मुळीच नाही. पण ते पुढे सांगते. त्याआधी आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या काळात आपण ज्याला निष्ठा म्हणतो तिच्यात निवड किती होती? परवान्यांच्या राज्यात स्कूटरसाठी पैसे भरून कित्येक वर्षे नंबर लागायची वाट पाहावी लागे. मोटारींचे प्रकार बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्यापुढे एकच ताट आहे, त्याने ते जेवण निष्ठेने खाल्ले असे म्हणण्यात अर्थ नाही. १९९१ नंतर दारे उघडली, दुसरी ताटे पुढे आली, आणि मग खरी निवड सुरू झाली.

शिवाय ही निष्ठा बहुतेक वेळा एकतर्फी असते. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटरचा धंदा सोडून मोटारसायकलींवर लक्ष देण्याचे ठरवले. पुढे २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. कंपनीने आपला हिशेब पाहिला, त्यात गैर काही नाही. तिला कुणी बेइमान म्हटले नाही. मग माझ्या मामांनी आपला हिशेब पाहिला तर त्यांनाच तेवढे बेइमान का म्हणावे? त्यांच्या गाडीवर घर चालते, हप्ता जातो, दोन मुलांची फी भरली जाते. देशप्रेमाचा सगळा भार एका भाडोत्री गाडीच्या मालकावर टाकणे न्यायाचे नाही.

मात्र याचा अर्थ परदेशी बिल्ला दिसला की हात जोडावेत असाही नाही. आपल्याच शहरात घडलेली एक गोष्ट अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा चार वर्षांची होते, पण ती गोष्ट ऐकतच मोठी झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर आदी मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकदम घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाडा मागास नाही हे जगाला दाखवायचे, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेने त्यासाठी ४० कोटींहून अधिक कर्ज सुमारे ७ टक्के व्याजाने दिले. त्याच काळात याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून पुष्कळ जास्त व्याज पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहून दाखवले. स्वतःच्या पैशाने कुणी काय घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मागासलेपण मोटारीच्या तोंडावरच्या चांदणीने जाते, असे मला वाटत नाही. कर्ज ट्रॅक्टरला महाग आणि मर्सिडीजला स्वस्त मिळत असेल, तर मागासलेपण नेमके तिथेच आहे.

मग देशी-परदेशी हा भेद करायचा तरी कशाच्या आधारावर? माझे मत असे की बिल्ल्यावरचे नाव वाचून थांबू नये. ती वस्तू इथे येऊन आपल्या मातीत काय ठेवून गेली, हे विचारावे.

आपल्या शहरातच या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. पूर्वेला शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. स्कोडा मूळची चेक देशाची, आज जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहातली. २००१ पासून तिथे ऑक्टाव्हिया तयार होऊ लागल्या. ऑडीच्याही मोटारी तिथे तयार झाल्या. शहराचे नाव झाले, काहींना चांगली नोकरी मिळाली. पण अशा महागड्या मोटारींचे बरेचसे भाग परदेशातून पेट्यांमधून येतात आणि इथे जुळवले जातात. पश्चिमेला वाळूजला मात्र वेगळे घडले. परक्या परवान्यावर शिकलेल्या कंपनीला सुटे भाग जवळच हवे होते. त्यामुळे ओतकाम, लेथकाम, साचे, रबर, दिवे अशी नाना कामे इथल्या माणसांनी हातात घेतली. जुळवणी आणि घडवणी यांत हा फरक आहे. जुळवणीत वस्तू मिळते. घडवणीत हात तयार होतात.

आणि तयार झालेले हात काय करू शकतात, तेही पाहण्यासारखे आहे. वाळूजच्या एन्ड्युरन्स कंपनीने १९८५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरुवात केली. आज तिचे कारखाने इटलीत आणि जर्मनीतही आहेत. ज्या इटलीकडून आपण स्कूटर शिकलो, तिथेच वाळूजची कंपनी मोटारींचे भाग बनवते! बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. मध्ये भांडवल घातले. टाटांनी २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. म्हणून मी वडिलांना सांगितले, "नावच तेवढं आपलं नव्हतं. नाव उसनं होतं, हात आपले होते. हातच शेवटी कामाला आले."

यावर वडील जे बोलले ते मला कुठल्याच पुस्तकात सापडले नसते. मी त्यांना विचारले, "तुम्ही दिवसभर जो भाग घडवता, तो कोणत्या गाडीत बसतो?" ते म्हणाले, "कोण सांगतं आम्हाला? आमच्याकडून पेटी मोठ्या कारखान्याला जाते. तिथून पुढं देशी गाडीत जाते का परदेशी, ते त्या पेटीला ठावं."

म्हणजे मामांच्या ज्या 'परक्या' गाडीसाठी वडील ओट्यावरून उठले नाहीत, तिच्यात कदाचित त्यांच्याच हाताने घडवलेला तुकडा असेल. नसेलही. पण ज्याला हे सांगितलेच जात नाही, त्याच्याकडून देशी-परदेशीची निष्ठा मागणे हा केवढा विरोधाभास आहे! वीस वर्षे झाली, वडील आजही ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. माल देशी कंपनीला गेला काय आणि परदेशी कंपनीला गेला काय, त्या पटात फरक पडलेला नाही. स्वदेशीचा विचार करताना हाही प्रश्न विचारायला हवा. कंपनी आपली, पण कामगार कोणाचा?

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ चर्चेचा राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार झाला आणि तो कारखाना बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात यायचा आहे. आमचे गाव बिडकीनपासून फार दूर नाही. तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी वसाहतीसाठी गेल्या आहेत. या नावातला अर्धा भाग जपानचा आणि अर्धा आपल्या ओळखीचा. याच किर्लोस्कर घराण्यातल्या लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. देशी माणसाची देशी वस्तू, तरी ती परकी वाटली! लोकांनी हळूहळू ती पारखली आणि मग स्वीकारली. पारख करून स्वीकारणे यातच शहाणपण आहे. आंधळा नकार आणि आंधळे कौतुक ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

म्हणून उद्या जी कंपनी इथे येईल, तिला आपण तीन प्रश्न विचारावेत, मग ती देशी असो की परदेशी. भाग इथे घडवणार की नुसते जुळवणार? आमच्या मुलांना कसब शिकवणार की ठेकेदाराच्या पटावरच ठेवणार? आणि ज्यांची जमीन गेली त्यांना कुठे उभे करणार? गाडी घेणाऱ्यानेही गाडीचा मायलेज विचारतो तसे हे विचारले, तर ती खरी स्वदेशी होईल.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या मुलीला मोटारींचे काय पडले आहे? पण आपण इतिहास शिकतो, अर्थशास्त्र शिकतो, ते परीक्षेपुरतेच काय? घरातल्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल तर या शिक्षणाचा उपयोग कोणता?

दिवाळीत मामा पुन्हा आले तेव्हा मी दोघांनाही हे सारे सांगितले. वडील म्हणाले, "बरं, गाडी आणली ते आणली." मग त्या गाडीत बसून ते सगळ्यांबरोबर पैठणला नाथांच्या दर्शनाला आले. वाटेत बिडकीनजवळ कुंपण घातलेली मोकळी जमीन लागली. माझा धाकटा भाऊ यंदा आय. टी. आय. ला आहे. वडिलांनी काच खाली केली, थोडा वेळ बाहेर पाहिले आणि मला विचारले, "तुझ्या भावाला तिथं मशीनवर उभं करतील का गेटवर, तेवढं सांग."

याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण देशी-परदेशीच्या वादात विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, एवढे मात्र मला कळले आहे.