क्रूझर ठेवावी कीं विकावी?

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतून एका भगिनीचें लांबलचक पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांचे यजमान व धाकटे दीर शेजारीं शेजारीं घरें करून राहतात. दोन्ही घरांचीं मिळून चार मुलें. आणि दर उन्हाळ्यांत सासूबाई पुण्याहून चार-पांच महिन्यांसाठीं तेथें जातात. दोघां भावांनीं आठ वर्षांपूर्वीं भागींत एक जुनी तीस फुटी क्रूझर विकत घेतली. ती विकून आतां पाण्यावरील खेळांची नौका घ्यावी, असा थोरल्या मुलाचा हट्ट आहे. काकांची त्याला फूस आहे, आणि वडिलांचें मन डळमळूं लागलें आहे. सासूबाईंना अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं. 'आपण काय म्हणतां?' असा या भगिनींचा प्रश्न आहे.

नौकेचा प्रश्न या सदरांत कोठून आला, असें कांहीं वाचकांस वाटेल. ज्यांच्या घरीं गांवचा वाडा विकून शहरांत सदनिका घेण्याची चर्चा कधीं ना कधीं झाली आहे, त्यांना तसें वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम या क्रूझरविषयीं. खालीं एक बुटकी खोली, तींत चौघांना पुरेल एवढें अंथरूण, एक शेगडी, एक शीतपेटी, आणि ज्याचें महत्त्व तरुणांना कधींच कळत नाहीं असें एक शौचकूप, एवढा तिचा संसार असतो. ती राहते सेंट क्रॉय नदींत. ही नदी मिनेसोटा व विस्कॉन्सिन या दोन संस्थानांची सीमा आहे. स्टिलवॉटरपासून प्रेस्कॉटपर्यंत सुमारें २५ मैल तिचें पात्र इतकें फुगतें कीं त्या भागाला सरोवरच म्हणतात. प्रेस्कॉट येथें ती मिसिसिपीला मिळते. सेंट क्रॉयचें काळसर पण निवळ पाणी आणि मिसिसिपीचें गढूळ पाणी कांहीं अंतरापर्यंत न मिसळतां शेजारून वाहत असतें. सासूबाई दरसाल तेथें नौका थांबवावयास लावतात व ओंजळभर पाणी घेऊन अर्घ्य देतात, असें पत्रांत लिहिलें आहे. आणखी खालीं, रेड विंगच्या अलीकडे, धरणाच्या लॉकमधून नौका खालच्या पातळीवर उतरली कीं पुढें पेपिन सरोवर लागतें. लांबी सुमारें २२ मैल.

याच पेपिन सरोवरावर, लेक सिटी या गांवीं, वॉटर-स्कीइंगचा जन्म झाला ही गोष्ट त्या थोरल्या चिरंजीवांना ठाऊक असेल तर त्यांनीं ती वादांत वापरण्यास आमची हरकत नाहीं. १९२२ सालच्या जुलै महिन्यांत राल्फ सॅम्युएलसन नांवाचा एकोणिसाव्या वर्षांत असलेला मुलगा दोन लाकडी फळ्यांवर उभा राहून नौकेमागें ओढला गेला. फळ्यांचीं टोकें वांकविण्यासाठीं त्यानें तीं आईच्या तांब्याच्या भांड्यांत उकळत्या पाण्यांत मऊ केलीं, आणि नौका हांकली ती थोरल्या भावानें. म्हणजे आईचें भांडें आणि भावाचा हात यांवांचून हा खेळ निघालाच नसता!

आतां हव्या असलेल्या नौकेकडे वळूं. ती बावीस-चोवीस फुटांची, उघडी, मजबूत असते. तिच्या पोटांत पाणी भरण्याच्या टाक्या असतात. त्यांत हजारों पौंड पाणी भरून नौका मुद्दाम जड करावयाची, म्हणजे ती पाण्यांत खोल बसते आणि मागें उंच लाट उठते. तासीं दहा-बारा मैल एवढ्याच वेगानें नौका चालते. मुलगा प्रथम दोरी धरून उभा राहतो, मग दोरी टाकून देतो आणि लाटेच्या उतारावरच तरंगत राहतो. यालाच वेकसर्फिंग म्हणतात. या नौकांचा पंखा तळाखालीं, मागच्या कडेच्या बराच आंत असतो. क्रूझरचा पंखा बहुधा मागें बाहेर लोंबत असतो. म्हणून क्रूझरमागें दोरीवर हवेचा टायर किंवा स्की ओढतां येते, पण जवळच्या लाटेवर कोणीं उभें राहणें केव्हांही होतां कामा नये. काकांनीं 'आहे त्याच नौकेमागें चालवून घेऊं' असें एकदां सुचविलें होतें म्हणून हें स्पष्ट लिहिलें. इंजिन चालू असतांना मागच्या फळीवर बसूंही नये. पेट्रोलच्या इंजिनाच्या धुरांतला विषारी वायु नेमका तेथेंच सांचतो, त्याला वास नसतो, आणि हा धोका दोन्ही प्रकारच्या नौकांना सारखाच आहे.

पत्रांत हिशेबाचा भाग मोठा आहे. क्रूझरचें इंजिन गेल्या हंगामांत अवघे एकेचाळीस तास चाललें. एवढ्यासाठीं धक्क्यावरील जागेचें भाडें, विमा आणि हिंवाळ्यांत बाहेर काढून झांकून ठेवण्याचा खर्च कां सोसावा, असें दिरांचें म्हणणें. हिशेब बरोबर मांडला आहे, माप मात्र चुकीचें घेतलें आहे. इंजिन बंद करून नांगर टाकला म्हणजे क्रूझरचा उपयोग सुरू होतो. मुलें पाण्यांत उड्या मारतात, कोणी पत्ते कुटतो, कोणी आंत डुलकी घेतो, म्हातारें माणूस सावलींत पाय लांब करून बसतें. हे तास कोणत्या यंत्रावर नोंदले जावयाचे? उलट खेळाच्या नौकेचें इंजिन थांबलें कीं तिचें काम संपलें. तिला एकेचाळीस तासांऐवजीं शंभर तास पडतील यांत शंका नाहीं. आणि पोटांत पाणी भरलेली नौका शंभर तास ढकलावयास इंधन किती लागेल, तोही आंकडा त्याच कागदावर यावयास हवा होता.

किंमतीचेंही तसेंच. जुन्या क्रूझरला हातीं पडतें थोडें, आणि नवी वेकनौका सहज एक लाख डॉलरांच्या पुढें जाते. ती गाडीमागें ओढून घरीं आणतां येते, धक्क्याचें भाडें वांचतें, हें खरें. परंतु वांचलेलें भाडें कर्जाच्या हप्त्यांत केव्हांच बुडून जाईल. पैसे वांचवावयाचे म्हणून ही अदलाबदल करावयाची असेल तर तो विचार सोडून द्यावा. मौजेसाठीं करावयाची असेल तर तसें उघड म्हणावें, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

कारण मुलाची बाजू आम्ही हलकी समजत नाहीं. सोळा वर्षांच्या अंगांतली रग नांगर टाकलेल्या नौकेंत बसून जिरत नाहीं. तोल, धाडस, पडल्यावर पुन्हां उठणें हें सर्व त्या खेळांत आहे. आणखी असें कीं, तो रविवार घरच्यांबरोबर घालविण्याचा मार्ग मागत आहे. नकार मिळाला तर तो मित्रांच्या नौकेवर जाईल आणि क्रूझरवर त्याची जागा रिकामी राहील. दोन वर्षांनीं तो कॉलेजसाठीं बाहेर पडणार. धाकट्या घरचीं दोन मुलें नऊ व सात वर्षांचीं आहेत, त्यांचा काळ पुढें यावयाचा आहे.

खेळाची नौका आली तर सासूबाईंचें काय होईल? बसावयास जागा असते, नाहीं असें नाहीं. पण खेळ उत्तम होतो तो भल्या पहांटे, पाणी आरशासारखें असतांना. शनिवारीं-रविवारीं दुपारीं सेंट क्रॉयवर मोठ्या नौकांची गर्दी होऊन पाणी घुसळून निघतें. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनें पहांटे साडेपांचला उघड्या नौकेंत चढावयाचें, वळणावळणाला हिसके सोसावयाचे, आणि शौचाला जाणें झालें तर धक्क्यावर परत यावयाचें. एक-दोनदां त्या हौसेनें येतील. तिसऱ्या वेळीं 'तुम्ही जा, मी घरींच बरी' म्हणतील, आणि कोणी आग्रह करणार नाहीं. मग संगमावरचें अर्घ्यही राहिलें.

एवढ्यावर आम्ही 'विकूं नका' असें लिहून मोकळे झालों असतों. परंतु पत्राच्या शेवटीं, सहीच्या वर, या भगिनींनीं दोन ओळी घातल्या आहेत. त्या म्हणतात, मुक्कामाला जावयाचें असलें कीं आदल्या रात्रीं त्या व त्यांच्या जाऊबाई अकरापर्यंत पोळ्या लाटतात. नौकेंतल्या बुटक्या खोलींत वांकून चहा, भाजी, पुन्हां चहा. रविवारीं रात्रीं ओले टॉवेल आणि खरकटीं भांडीं. 'ती विकली तर मला वाईट वाटेल कीं सुटल्यासारखें वाटेल, हेंच कळत नाहीं.'

आमच्या मतें या पत्राचा खरा विषय येथें आहे, आणि दोघां बंधूंनीं ह्या ओळी दोनदां वाचाव्या. ज्या नौकेंत घर आहे तींत स्वयंपाकघरही आहे, आणि नदीवर गेल्यानें तें स्वयंपाकघर आपोआप दुसऱ्याच्या हातीं जात नाहीं. पुरुषांची ती सहल आणि बायकांचा तो बदली झालेला ओटा, अशी स्थिति असेल तर क्रूझरनें कुटुंब एकत्र येतें असें म्हणणें धाडसाचें होईल. ज्यांना क्रूझर हवी त्यांनीं या हंगामापासून तिच्यावरचें खाणेंपिणें स्वतःकडे घ्यावें. दडप्या पोह्यांना शेगडी लागत नाहीं, दहींभात घरून डब्यांत नेतां येतो, कांकडी-टोमॅटो चिरण्यास सोळा वर्षांचा मुलगा पुरे आहे. भांडीं काकांनीं घासावीं. इंजिनाच्या तासांचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांना ताटांचाही ठेवतां येईल. हें जमणार नसेल तर क्रूझर खुशाल विकावी, निदान दोन बायकांची शनिवार-रविवारची झोप तरी होईल.

जमणार असेल तर यंदा विकूं नये, हें आमचें मत. मुलाला मात्र हात हलवीत परत पाठवूं नये. विक्रीच्या गोष्टी करण्यापूर्वीं शिकविणाऱ्यासह खेळाची नौका चार-सहा सकाळीं भाड्यानें घ्यावी. खर्च होईल, पण कर्जाच्या एका वर्षापेक्षां पुष्कळ कमी. मुलानें नौका चालविण्याचा परवाना आधीं काढावा. ३० जून २००४ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटांत तो १ जुलै २०२५ पासून आवश्यक झाला आहे. चालविणाऱ्याखेरीज दुसरें एक माणूस मागें पाहण्यास बसवावें. तेथील कायदा रुंद आरशावरही भागवूं देतो. आम्ही भागवूं देणार नाहीं. दहा वर्षांखालील मुलांनीं चालत्या नौकेच्या उघड्या भागांत तरंगजाकीट अंगावर घातलेंच पाहिजे, आणि ही गोष्ट धाकट्या दोघांना लागू आहे.

शेजाऱ्यांविषयींही दोन शब्द. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनें २०२२ सालीं मोजणी करून दाखविलें कीं वेकसर्फिंगची लाट साध्या नौकेच्या लाटेइतकी शांत व्हावयास ५०० फुटांहून अधिक अंतर जावें लागतें. साध्या नौकेला २०० फूट पुरतात. कांठ ढासळतात आणि बांधलेल्या नौका आपटतात त्या यामुळें. शिवाय त्या पोटांतल्या टाक्या कधींच पुरत्या रिकाम्या होत नाहींत. सेंट क्रॉयच्या खालच्या भागांत झेब्रा शिंपल्यांची पीडा आहे. त्यांचीं डोळ्यांस न दिसणारीं पिलें उरलेल्या पाण्यांतून दुसऱ्या सरोवरांत जाऊं शकतात. 'आज या सरोवरांत, उद्यां त्या सरोवरांत' हें या नौकेचें मोठें आकर्षण म्हणून सांगतात, त्या आकर्षणाबरोबर प्रत्येक वेळीं धुणें, उपसणें, वाळविणें हीं कामें येतात.

निर्णय सासूबाई परतण्यापूर्वीं, त्यांच्यासमोर व्हावा. ऑक्टोबरांत नौका पाण्याबाहेर काढून इंजिनांतलें पाणी काढावेंच लागतें, नाहींतर तें गोठून इंजिन फुटतें. त्यामुळें हिंवाळ्याचा खर्च ठेवली तरी आहे आणि विकावयाची असली तरी आहे. बर्फांत झांकलेल्या नौकेला गिऱ्हाईक भाव देत नाहीं. एप्रिल-मेपर्यंत थांबावें, तळाच्या कांचतंतूंत किंवा आंतल्या लांकडांत ओल शिरली आहे काय हें नौकातज्ज्ञाकडून तपासून घ्यावें आणि त्याचा लेखी अभिप्राय हातीं ठेवून मगच सौद्यास बसावें.