सलाईनच्या आधी बी-वन

रोवणीचे दिवस. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यासमोर मोटारसायकल थांबते. मधे बसवून आणलेला माणूस चाळिशीचा, गाल बसलेले. उतरल्यावर पाय फाकवून चालतो, भिंतीला हात लावल्याशिवाय तोल राहत नाही. आज वार कोणता विचारलं, तर भलतंच सांगतो. बायको हात जोडते, "यायनं चार दिवसापासून काहीच खाल्लं नाही जी. सलाईन लावून द्या." ग्लुकोजची बाटली टांगली जाते. दोन तासांनी ‘नशा उतरेल’ असं सांगून त्याला घरी धाडलं जातं.

चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. पण तो तोल जाणं, ते बरळणं दरवेळी नशेचंच असतं, हा समज जीवघेणा आहे. ती बी-वन जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, टंचाई असू शकते. खाल्लेल्या भाताची, साखरेची शरीरात ऊर्जा करायला थायमिन लागतं. दिवसाची गरज एक-दोन मिलिग्रॅमची, पण शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरणारा. तो संपला की पायांना मुंग्या येतात, ताकद जाते, हृदय थकून अंगावर सूज चढते. हा बेरीबेरी. मेंदूवर घाला आला की तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, भान हरपतं. त्याला वेर्निकेचा आजार म्हणतात. ही तिन्ही लक्षणं एकाच वेळी फार थोड्या रुग्णांत दिसतात, म्हणून तो हमखास निसटतो. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते, जीवही जातो.

दारू पिणाऱ्यावर मार दुहेरी असतो. पोटात अन्न नसतं, आणि जे जातं त्यातलं थायमिन दारू आतड्याला नीट शोषू देत नाही. अशा शरीरात नुसतं ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिन ते पचवण्यात खर्च होतं आणि मेंदू उघडा पडतो. म्हणून नियम सोपा आहे: आधी किंवा सोबत शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज. रक्तातली साखर खरोखर घसरली असेल तर ग्लुकोज अडवायचं नाही, दोन्ही एकत्र द्यायचं. शंका आली तरी तपासणीच्या अहवालाची वाट पाहायची नाही. ‘पिवळी सलाईन’ लागली की आपल्याकडे घरच्यांना हायसं वाटतं. पण तो पिवळा रंग बी-टूचा असतो. बी-वनला रंगच नाही. बाटलीत ते पुरेसं आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. ते विचारावंच लागतं.

आपल्या ताटाचाही यात वाटा आहे. धानाच्या या मुलखात दोन्ही वेळा भात. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थर राहायचा आणि थायमिन बहुतेक त्या थरातच असतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटीसारखं धानाचं वाण दिलं. दोष वाणाचा नाही, दोष गिरणीतल्या पॉलिशचा आणि शुभ्र दाण्याच्या आपल्या हट्टाचा आहे. कोंडा पोत्यात भरून गुरांकडे नाहीतर तेलाच्या कारखान्याकडे जातो. उरलेलं आपण तांदूळ पाच-पाच पाण्यांत धुऊन आणि पेज ओतून घालवतो. पॉलिशचा हा दोष जुनाच आहे: जावामध्ये आइकमन नावाच्या डॉक्टरांनी पॉलिश तांदळावर पाय लुळे पडलेल्या कोंबड्या बिनपॉलिश तांदळाने बऱ्या होताना पाहिल्या. या शोधासाठी १९२९ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. उकड्या तांदळात हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, म्हणून उकडा खाणारे बेरीबेरीतून बरेचसे वाचले. डाळ, उडीद, शेंगदाणे ताटात असले तर भातावर भागतं. दारूवर पैसा गेलेल्या घरात मात्र आधी डाळच आटते.

सरकारने रेशनच्या तांदळात पोषकं मिसळण्याच्या प्रयोगासाठी गडचिरोली जिल्हा निवडला होता. त्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा सक्तीचं आहे. बी-वन ऐच्छिक ठेवलं आहे. भातावरच जगणाऱ्या जिल्ह्यांसाठी ते सक्तीचं करावं, ही माझी मागणी आहे.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. मी बंदीच्या बाजूचा आहे. पण तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, खाटेवरचा माणूस तोच आहे. थायमिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते महागही नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं इंजेक्शन हवं, आणि दारूच्या रुग्णाला ग्लुकोजआधी ते दिल्याची नोंद केसपेपरवर हवी.

तोवर हे काम आपलं. घरातला, शेजारचा पिणारा माणूस उपाशी, तोल जात असलेला दवाखान्यात नेलात, तर तो दारू पितो हे लपवू नका. आणि बाटली टांगण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टरसाहेब, बी-वन दिलं का?"