आईचं माणिक खरं की खोटं?

गेल्या महिन्यात उरणला घरी गेलो तर आईने बोटातली अंगठी काढून हातात ठेवली. "बघ रे, यातलं माणिक खरं आहे का? तू इंजिनिअर ना!" सॉफ्टवेअरवाल्याला रत्नंही कळतात हे मला नवीनच होतं. असो. अंगठी आजोबांनी घेतलेली, बंदरासाठी जमीन गेली तेव्हाच्या मोबदल्यातून. म्हणजे घरात शेताची उरलेली खूण तेवढीच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, दुधात टाक. दुधाला लाली दिसली की खरं!

गोची इथेच आहे. कारखान्यातलं माणिक म्हणजे रंगीत काच नव्हे. तेही ॲल्युमिनियम ऑक्साईडच, रंग क्रोमियमचाच, काठिण्य तेच ९ आणि अपवर्तनांकही तोच, साधारण १.७६-१.७७. दोघंही पास होतात ती टेस्ट कसली? आणि 'जुनी अंगठी आहे, म्हणजे खरीच' हेही चालत नाही. व्हर्नई नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत १९०२ सालीच जाहीर केली होती. फरक कळतो तो आत बघून. या रीतीच्या खड्यात भिंगाखाली वक्र रेषा आणि गोल बुडबुडे सापडतात. खाणीतल्या खड्यात सरळ, कोनात वळणारे पट्टे किंवा रेशमासारख्या बारीक सुया दिसतात.

मुंबईच्या प्रयोगशाळेत अंगठी दिली. वक्र रेषा निघाल्या. आजोबांना मात्र ते 'अस्सल खाणीतलं' म्हणून विकलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की कारखान्यातला खडा विकणं हा गुन्हा नाही, ते न सांगणं ही फसवणूक आहे. प्रक्रियेचंही तेच. माणिक तापवून रंग सुधारणं जुनं आणि बाजारमान्य आहे. पण २००४ च्या सुमारास भेगांत शिशाची काच भरलेली माणकं बाजारात आली. ती काच लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होते! अशी अंगठी घालून रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे कोणी सांगायचं?

म्हणून महाग खडा घेताना पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्याच: खाणीतला की बनवलेला, आणि प्रक्रिया कोणती. दुकानदार का कू करू लागला तर सरळ उठा.

आईला रिपोर्ट वाचून दाखवला. ती जरा वेळ गप्प बसली. मग अंगठी परत बोटात घालत म्हणाली, "जमीन तर खरी होती ना?"