घडीची सायकल

"विमानात सायकल? अहो, मग विमान तरी कशाला? सायकलीवरूनच जा की बंगळूरला!" आमच्या हिनं पहिल्याच दिवशी तोफ डागली.

वाचकहो, माझा हेतू साधा होता. चिरंजीव बंगळूरला असतात. मुलगा गुणी, सून त्याहून गुणी. पण तिथं गेलं की मी परस्वाधीन! कोथिंबिरीची जुडी आणायची म्हटली तरी, "बाबा, थांबा, मी गाडीनं सोडतो." हे 'थांबा' कधीकधी दिवेलागणीपर्यंत चालतं. उभा जन्म पुण्यात सायकलीवर काढलेल्या माणसानं हे कसं सोसावं? म्हणून पेन्शनीतून घडीची सायकल घेतली.

कल्पना काही नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीसैनिक बी. एस. ए. कंपनीची घडीची सायकल घेऊन विमानातून उड्या मारीत. मला तर उडीही मारायची नव्हती!

टेप घेऊन बसलो. घडी घातल्यावर लांबी, रुंदी, जाडी मिळून 142 सेंटिमीटर. सामानाची नेहमीची मर्यादा 158. वजन 12 किलो, पिशवी दीड किलो. देशातल्या देशात बहुधा 15 किलोच नेऊ देतात. हिचे 15 फराळानं केव्हाच भरले होते. माझे कपडे हातातल्या पिशवीत कोंबले. पाने, पेचकस मात्र सायकलीबरोबरच ठेवले. ते हातात नेऊ देत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री हिनंच आपली जुनी लुगडी आणून दिली. "साखळीभोवती गुंडाळा. मोडली, तर वर्षभर मला ऐकावं लागेल."

विमानतळावर मुलीनं विचारलं, "काका, यात काय?"

"सायकल."

तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी पिशवी चारी बाजूंनी न्याहाळली.

"चाकांतली हवा कमी केलीत?"

"केली."

"विजेची बॅटरी आहे?" विजेच्या सायकलीची मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

"नाही हो, या दोन गुडघ्यांवरच चालते!"

साहेब हसले आणि सायकल सरकत्या पट्ट्यावरून दिसेनाशी झाली. खरं सांगतो, मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा जसं झालं होतं, तसंच झालं.

बंगळूरला ती उलटी होऊन आली. एक मडगार्ड वाकलं होतं. हातानंच सरळ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा भरली आणि कोणालाही न विचारता कोथिंबीर घेऊन आलो. त्या दिवशीच्या चहाची चव काही निराळीच लागली.

चौथ्या दिवशी चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, उद्या सकाळी सायकल मला मिळेल का? जरा चक्कर मारून येतो."

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं, "थांब. माझी कोथिंबीर येऊ दे आधी."