कॉम्प्युटरपाशी कोण बसणार?

आपल्या गटाची गाणी आपणच ध्वनिमुद्रित करायची असे ठरले आणि बैठकीत पहिला प्रश्न आला, सॉफ्टवेअर कुठले घ्यायचे? एकीच्या मुलाने एक नाव सांगितले होते, दुसरीच्या भाच्याने दुसरे. तिसरी म्हणाली, "अवो ताई, माझा दीर सगळं करून देतोय, आपण नुसतं गायचं." सगळ्या हसल्या. मला मात्र ते शेवटचे वाक्य टोचत राहिले. आपण नुसतं गायचं! इतकी वर्षे आपण तेच तर करत आलो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही शहरातल्या एका स्टुडिओत चार गाणी करून घेतली होती. पैसे आम्हीच वर्गणी काढून जमवले होते. काचेच्या पलीकडे बसलेले दोन तरुण आमच्याशी कमी आणि आमच्यासोबत आलेल्या एकमेव पुरुष कार्यकर्त्याशी जास्त बोलत होते. कागल तालुक्यातली एक मावशी जात्यावरची ओवी गायला आली होती. तिच्या कानात टकटक वाजणारा ठेका सोडून तिला सांगितले, "याच्याबरोबर गा." तिने तीनदा प्रयत्न केला, मग कानातले काढून ठेवले आणि म्हणाली, "जात्याला कुठं असतंय घड्याळ?" शेवटी तिचा आवाज कापून-जोडून ठेक्यात बसवला गेला, खाली ढोलकीचा तयार तुकडा घातला गेला. सीडी हातात आली तेव्हा मावशीला स्वतःचा आवाज ओळखता आला, ओवी ओळखता आली नाही.

म्हणून मला वाटते, सॉफ्टवेअरची निवड हा बाजारहाटाचा प्रश्न नाही. गाण्यावर शेवटचा हात कोणाचा फिरणार, हा तो प्रश्न आहे.

आपल्या कोल्हापूरला बाईच्या गळ्याचे कौतुक नवे नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीतून अंतराळात गेला. पण गळा आणि रचना यांत फरक केला जातो. भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) आणि 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून 'आनंदघन' हे नाव लागले. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. ज्या बाईचा आवाज घराघरांत पोचला होता, तिने चाली बांधल्या तेव्हा पडद्यावर दुसरे नाव आले. त्यामागची कारणे त्यांची त्यांना ठाऊक. आपण एवढेच लक्षात ठेवावे की गायिका म्हणून बाई चटकन डोळ्यांपुढे येते, संगीतकार म्हणून येत नाही. आणि ध्वनिमुद्रण करणारी म्हणून तर मुळीच नाही. हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाने २०१२ ते २०१७ या काळातल्या लोकप्रिय गाण्यांची पाहणी केली, तेव्हा गाण्यांच्या निर्मात्यांत, म्हणजे तिथे ज्यांना प्रोड्यूसर म्हणतात त्यांच्यात, स्त्रिया शंभरात दोन निघाल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाजारात नावे पुष्कळ आहेत. प्रो टूल्स आणि क्यूबेस मोठ्या स्टुडिओंत चालतात. एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ ही नावे रिमिक्स करणाऱ्या मुलांच्या तोंडी असतात. गणपतीत डॉल्बीवर ऐकू येणारा ठेका अशाच कुठल्यातरी सॉफ्टवेअरवर तयार झालेला असतो. गॅरेजबँड फुकट आणि सोपे, पण ते अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालते, आणि आपल्यातल्या किती जणींकडे अ‍ॅपल आहे? बँडलॅब साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळते. आर्डर हे असेच मुक्त सॉफ्टवेअर आहे. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येते. नंतरचा सवलतीचा परवाना साठ डॉलरचा, आणि तो व्यवसायाची कमाई कमी असणाऱ्यांना व ना-नफा संस्थांनाही मिळतो.

यांतले 'सर्वांत चांगले' कोणते, हा प्रश्नच मला फसवा वाटतो. कोणासाठी चांगले? रोज आठ तास त्यावर बसणाऱ्या व्यावसायिकासाठी की पोळ्या उरकून, शाळेची घंटा होण्याआधीच्या दीड तासात बसणाऱ्या बाईसाठी? मी तरी आपल्यापुरत्या चार कसोट्या लावते.

पहिली कसोटी अशी की आपल्यातल्या बाईला ते कोणालाही हाक न मारता उघडता यावे, आवाज घेता यावा, जपून ठेवता यावा आणि आठवड्याने पुन्हा उघडता यावा. या कसोटीला ऑडॅसिटी उतरते. लाल बटण दाबले की आवाज घेणे सुरू. त्यात वाद्यांची रचना करण्याची सोय बेताची, पण ओव्या, घोषणांची गाणी, बायकांच्या मुलाखती यांसाठी ते पुरे आहे.

दुसरी कसोटी पैशांची. फुकटचोर प्रती, म्हणजे ज्यांना 'क्रॅक' म्हणतात त्या, दुकानातला मुलगा सहज घालून देतो. चोरी ही चोरी आहेच. पण त्याहून वेगळी अडचण म्हणजे ती प्रत बिघडली की पुन्हा त्याच मुलाकडे जावे लागते आणि आपण कायमच्या त्याच्या उपकारात राहतो. दरमहा भाडे भरण्याच्या सॉफ्टवेअरचेही तसेच. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे सांगायला नको की जो हप्ता एखाद्या महिन्यात चुकू शकतो त्यावर आपले काम टांगून ठेवू नये. रीपर साठ दिवसांनंतरही आठवण करून देत उघडत राहते, पण उघडते म्हणून न भरता वापरू नये. आपल्या कामाचे पैसे बुडवले की आपण भांडतो, मग दुसऱ्याच्या कामाचेही द्यावेत.

तिसरी कसोटी ठेक्याची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक सॉफ्टवेअर उघडले की समोर चौकटी दिसतात. मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचे गट, हे आधीच ठरवून ठेवलेले असते. सूरही पियानोच्या बारा पट्ट्यांत बसवण्याची सोय असते; १९९७ साली ऑटो-ट्यून आल्यापासून गळा सरळ करून देणे हा नेहमीचा रिवाज झाला. ही हत्यारे वाईट नाहीत. नाचाच्या गाण्याला ती हवीत. पण ओवी जात्याच्या फेऱ्यावर आणि दळणारीच्या दमावर चालते. पीठ जाड पडले की फेरा जड होतो, ओळ लांबते. ती लांबण चूक नव्हे, तेच तिचे गाणे आहे. म्हणून जे सॉफ्टवेअर निवडाल त्यात ठेका आणि चौकटीला चिकटण्याची सोय बंद कशी करायची, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. ऑडॅसिटीत, आर्डरमध्ये आणि रीपरमध्ये ते करता येते. स्टुडिओतही करता आले असते. पण ते करा असे म्हणणारे काचेच्या त्या बाजूला कोणी नव्हते.

चौथी कसोटी टिकण्याची. सॉफ्टवेअर आपले काम स्वतःच्या साच्यात जपून ठेवते. उद्या ते बंद पडले तर तो साचा उघडणार नाही. म्हणून प्रत्येक गाण्याची मूळ ध्वनिफीत 'वेव्ह' स्वरूपात वेगळी काढून दोन ठिकाणी ठेवावी. एका आवाजाच्या एका मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते. तासाभराच्या ओव्या छोट्याशा पेनड्राइव्हवर मावतात. मुक्त सॉफ्टवेअरचा एक फायदा इथेच आहे. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेले आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याची योजना पुढे आली. जगभरच्या वापरणाऱ्यांनी आरडाओरड केली आणि ती योजना मागे घ्यावी लागली. जे सर्वांसमोर उघडे असते त्याच्यावर लक्ष ठेवता येते, भांडताही येते.

यावर मैत्रिणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? व्यावसायिक माणूस अधिक चांगले करेल. ते खरे आहे. पहिल्या वर्षी आपली ध्वनिमुद्रणे कच्चीच असतील. मागे पंख्याची घरघर येईल, कुकरची शिट्टी येईल. पण पंखा बंद करता येतो, खोलीत गोधड्या टांगता येतात आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरायला तासाभरात शिकता येते. मोठे काम असेल तेव्हा स्टुडिओत जरूर जाऊ. पण तेव्हा काय मागायचे ते आपल्याला ठाऊक असेल.

आणि मालकीचे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. प्रसिद्धीनंतर साठ वर्षे तो हक्क चालतो. गाणाऱ्यांना कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा २०१२ च्या दुरुस्तीने पक्का झाला. म्हणजे "माझा दीर सगळं करून देतोय" या वाक्याला कायद्याचीही एक बाजू आहे. गाणे कोण करवून घेते, कोणाच्या नावावर, हे आधी कागदावर लिहावे. गाणाऱ्या प्रत्येकीची संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी. दीर चांगला असेल, पण लिहून ठेवण्याने चांगल्या माणसाचे काही बिघडत नाही.

हे जमते, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून हजारावर गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आणि २०१७ पासून 'पारी'ने त्या लोकांसमोर आणल्या. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. ओवीशेजारी गाणारीचे नाव आहे, गाव आहे. 'लोकगीत, पारंपरिक' एवढे लिहून बाईला पुसून टाकलेले नाही.

१९०२ साली गौहर जान यांनी ग्रामोफोनच्या तबकडीवर गायल्यानंतर शेवटी स्वतःचे नाव उच्चारले होते. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा ते कळावे म्हणून ही पद्धत होती. कारण सोयीचे असले तरी त्या नावामुळे ती बाई आजही आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सुरुवात ऑडॅसिटीने करावी. चाली बांधायला, एकावर एक आवाज चढवायला लागलो की वर्गणी काढून रीपरचा परवाना घ्यावा, संस्थेच्या नावाने. प्रवासात सुचलेली चाल फोनवर धरून ठेवावी. आणि प्रत्येक बैठकीला दोघींनी कॉम्प्युटरपाशी बसायचे, एक शिकलेली आणि एक न शिकलेली. पाळी बदलत राहायची.

२०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यावर आमच्या दोघी जणींनी गाणे रचले आहे, अजून वहीतच आहे. पुढच्या महिन्यात ते आम्ही स्वतः मुद्रित करणार आहोत. कागलच्या मावशीलाही बोलावले आहे. गाणे संपले की प्रत्येकीने आपले नाव आणि गाव सांगायचे, आणि शेवटी बटण दाबणारीनेही.